एआरडीएसची तीव्रता ठरवताना: भागाकाराआधी काय तपासायचं

न्यूमोनिया, सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीरभर होणारा बिघाड), पोटातलं फुप्फुसात उतरणं, स्वादुपिंडाचा दाह, कोकणात पावसाळ्यात लेप्टो. असं कारण घडल्यापासून किंवा श्वासाचा त्रास नव्याने सुरू झाल्यापासून, अथवा वाढल्यापासून, आठवड्याच्या आत चित्र उभं राहिलं तरच एआरडीएसचा (फुप्फुसांत अचानक सूज येऊन, पाणी भरून रक्तात ऑक्सिजन कमी पडण्याचा) विचार करा. एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढुरकेपणा हवा. छातीत साठलेलं पाणी, आक्रसलेलं फुप्फुस किंवा गाठी एवढ्यानेच तो समजावता येत असेल, तर एआरडीएस म्हणू नका. हार्ट फेल्युअर किंवा जास्त झालेलं सलाइन हेच पूर्ण कारण नाही ना, हेही पाहा. वरच्यासारखं कारण सापडत नसेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायलाच हवी.

एआरडीएसची बर्लिन व्याख्या (२०१२) पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) किमान ५ सेंमी पाणी असताना घेतलेला पी/एफ मागते, म्हणजे पीएओटू (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब) भागिले एफआयओटू (श्वासातून दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण). पीएओटू ७२, एफआयओटू ६० टक्के: ७२ भागिले ०.६, म्हणजे १२०. २०० च्या वर ३०० पर्यंत सौम्य, १०० च्या वर २०० पर्यंत मध्यम, १०० किंवा खाली तीव्र.

गणित सोपं आहे, घोळ धमनीतल्या रक्ताच्या सॅम्पलमध्ये होतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की कमी असलेला पीएओटू वर सरकतो आणि आजार सौम्य वाटतो. सॅम्पल बर्फाविना पडून राहिलं तर पेशी ऑक्सिजन खातात आणि आकडा खाली येतो. सक्शननंतर (नळीतून कफ ओढल्यावर) लगेच सॅम्पल घेऊ नका. एफआयओटू बदलल्यावर वीस-तीस मिनिटं थांबा. साध्या मास्कवरचा एफआयओटू अंदाजच असतो, त्यावर प्रतवारी लावू नका.

एबीजीची (धमनीतल्या रक्ताच्या वायू तपासणीची) सोय नसेल तर २०२३ ची जागतिक व्याख्या एसपीओटू (बोटावरच्या प्रोबने मोजलेलं सॅच्युरेशन)/एफआयओटू चालवते. ट्यूब टाकलेल्या रुग्णात ३१५ पर्यंत सौम्य, २३५ पर्यंत मध्यम, १४८ किंवा खाली तीव्र. मात्र सॅच्युरेशन ९७ किंवा कमी हवं. त्यापुढे पीएओटू आणि सॅच्युरेशनचा वक्र सपाट होतो, पीएओटू १०० असो की ३००, मॉनिटर ९९ च दाखवतो. आधी एफआयओटू कमी करा, मग मोजा. हात गार असतील तर प्रोबची लहर नीट येतेय का तेही पाहा. मिनिटाला ३० लिटर किंवा जास्त हाय फ्लोवरचा (नाकातून वेगाने दिलेल्या ऑक्सिजनवरचा) रुग्णही या व्याख्येत बसतो, पण त्याला सौम्य-मध्यम-तीव्र असे गट नाहीत.

वरचा १२० ‘मध्यम’ ठरला म्हणून निर्धास्त राहू नका. व्हेंटिलेटर नीट लावून १२ ते २४ तासांनीही पी/एफ १५० खाली, एफआयओटू ०.६ किंवा जास्त असेल, तर रुग्णाला दिवसातले किमान १६ तास पालथं ठेवायची तयारी करा.