शॉक रॉकचे पहिले दहा प्रयोग: सोलापुरातल्या हॉलची तयारी

शॉक रॉक म्हणजे रंगवलेली तोंडं, नकली रक्त आणि दचकवणारे प्रसंग यांसह वाजवलेलं रॉक संगीत. त्याच्या पहिल्या प्रयोगांसाठी हॉल पितृपक्षात घ्या. त्या पंधरवड्यात लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही. मंगल कार्यालयं ओस, साउंडवाले मोकळे, आणि मालक भाड्यात घासाघीस करायला राजी. आषाढही चालतो, फक्त एकादशीच्या आगेमागे नको. पोलिस पंढरपूरच्या बंदोबस्तात गुंतलेले असतात आणि परवानगीचा अर्ज टेबलावर पडून राहतो. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, गणपती-नवरात्रात धड साउंड सिस्टीम मिळत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत चेहऱ्यावरचा रंग गळ्यात उतरतो. पांढरंफटक तोंड करून रक्त गाळणारा कार्यक्रम नेमका पितृपक्षात ठेवला म्हणून घरात चार शब्द ऐकावे लागतील. ते शब्द पोस्टरपेक्षा लांब जातात, जाऊ द्या.

हॉल ५०-६० माणसांचाच बघा. ६० माणसं ६०च्या हॉलमध्ये गर्दी वाटते, ४००च्या कार्यालयात तीच शोकसभा वाटते. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं नाट्यगृह पहिल्या वर्षी डोक्यातून काढा. अमेरिकेत ज्याला क्लब म्हणतात, म्हणजे दर शनिवारी बँड वाजणारी ठरलेली जागा, ती इथे नाही. हॉटेलचा छोटा बँक्वेट, कॅफेची गच्ची, कॉलेजचं गॅदरिंग, यांतूनच क्लब तयार करायचा आहे.

ॲलिस कूपर या अमेरिकी शॉक रॉक बँडचं उदाहरण इथे कामाचं आहे. १९६४ मध्ये फिनिक्समधल्या शाळेच्या कार्यक्रमापासून ही पोरं सुरू झाली. मग ‘द स्पायडर्स’ या नावाने तिथल्या व्हीआयपी क्लबमध्ये ठरलेला बँड म्हणून वाजवत राहिली. ‘ॲलिस कूपर’ हे नाव १९६८चं. लॉस एंजेलिसला गेल्यावर चीता क्लबमध्ये त्यांनी जवळजवळ अख्खा हॉल रिकामा केला. ते पचलं, कारण हात आधीच बसलेला होता. किस या दुसऱ्या अमेरिकी बँडचा पहिला प्रयोग ३० जानेवारी १९७३ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात झाला, समोर जेमतेम दहा माणसं. म्हणून तालीमही दहा माणसांसाठीच बसवा. टाळ्यांच्या आवाजावर उभा राहणारा प्रसंग रिकाम्या हॉलमध्ये केविलवाणा दिसतो.

पहिल्या दहा प्रयोगांसाठी सहा गाणी, एकूण २८ मिनिटं. जास्त नको. दोन गाण्यांमधला वेळ स्टॉपवॉचने मोजा. २० सेकंदांच्या वर गेला की मुखवटा गळतो आणि खाली गिटार ट्यून करणारा शेजारचा पोरगा दिसायला लागतो. ट्यूनिंग पॅडलवर, म्हणजे गिटारला जोडलेल्या पायाने दाबायच्या यंत्रावर, आवाज बंद ठेवून. धक्के दोनच: एक सुरुवातीला, कानाला, एक चौथ्या गाण्यात, डोळ्यांना. प्रत्येक गाण्यात काहीतरी फोडणारा बँड तिसऱ्या गाण्यानंतर जादूगाराचा प्रयोग होतो.

आता धक्का कशाचा द्यायचा. इथे बहुतेक जण परदेशी व्हिडिओ बघून चुकतात. ज्या गावात पोतराज दारात येऊन अंगावर कोरडे ओढतो, तिथे चाबूक आणि काळं काजळ यांनी कोणी दचकत नाही. पोतराजाचीच नक्कल करू नका. ते कुणाचं तरी पोट आहे आणि मरीआईचं नाव त्यात आहे. देवाधर्माच्या वस्तू स्टेजवर नकोतच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ हे धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दल आहे आणि ‘तो अभिनय होता’ हे पटवायला वर्षं जातात.

फाशीचा देखावा हा ॲलिस कूपरच्या रंगमंचाचा हुकमी भाग. सोलापुरात तो करू नका. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. चार हुतात्म्यांचं हे शहर आहे. इथे दोरखंडाचा फास दाखवला की लोक घाबरत नाहीत, चिडतात. शवपेटीचंही तसंच. अमेरिकी गायक स्क्रीमिन’ जे हॉकिन्स १९५०च्या दशकात शवपेटीतून बाहेर यायचा आणि तिकडे ते खपलं. इथे शवपेटीला अर्थ नाही, आणि तिरडी आणाल तर मालक दारातूनच पैसे परत करेल. पितृपक्ष संपला की त्याच हॉलमध्ये कुणाचं तरी बारसं असतं.

जिवंत प्राणी अजिबात नको. १९६९च्या सप्टेंबरात टोरांटोत ॲलिस कूपरने कोंबडी प्रेक्षकांत भिरकावली, लोकांनी तिच्या चिंधड्या केल्या. १९८२च्या जानेवारीत रॉक गायक ऑझी ऑस्बोर्नने अमेरिकेतल्या डे मॉइनमध्ये वटवाघळाचं मुंडकं चावलं आणि रेबीजची इंजेक्शनं घेत बसला.

चालतो तो माग. शहराच्या पूर्व भागातल्या कुणालाही यंत्रमागाची खटखट ओळखू येते, आणि माग अचानक थांबला म्हणजे लाइट गेली हे त्या कानांना सांगावं लागत नाही. हाच पहिला धक्का. कारखानदाराची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज टिपा, पण मागाला चिकटून नाही. तीन-चार मीटर लांब, दारात उभं राहून. जवळून घेतलेला आवाज फाटतो. १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा, चारने गुणा. ३२ ठोके आले तर १२८, हाच पहिल्या गाण्याचा वेग. माग व्होल्टेजप्रमाणे पुढेमागे होतो, त्यामुळे मिनिटभराचा तुकडा सरळ वाजवलात तर ड्रमर त्याच्याशी झटापट करत बसेल. आठ सारख्या ठोक्यांचा तुकडा कापून तोच फिरवा आणि ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे त्याच वेगाची टिकटिक, द्या.

प्रयोगात असं: हॉलचे सगळे दिवे सुरू, लोक गप्पा मारताहेत, माग हळूच सुरू. ४० सेकंदांत आवाज वाढवत न्या. मग माग आणि दिवे एकाच क्षणी बंद. पंखेसुद्धा. कुणीतरी “गेली वाटतं” म्हणतंच. चार सेकंद काळोख, पाचव्याला एकच पांढरा दिवा गायकाच्या तोंडावर खालून, आणि बँड पूर्ण आवाजात. चारचे सहा सेकंद झाले की लोक मोबाइलचे टॉर्च लावतात आणि सगळं पाण्यात जातं. दिवे आणि पंखे बंद करायला एकच माणूस बोर्डापाशी ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका. स्टेजची वीज त्या बोर्डावर नाही ना, हे दुपारीच बघून घ्या. नाहीतर खरोखरच लाइट जाते.

चौथ्या गाण्यातलं रक्त. तोंडात जाणारं आणि अंगावर सांडणारं, दोन वेगळ्या बाटल्यांत. तोंडाचं: बेकरी सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज ३०० ग्रॅम, कोमट पाणी १०० मिली, लाल खाद्यरंग एक सपाट चमचा, कोको पावडर दोन चमचे. कोको आधी थोड्या पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या राहतात. कोकोशिवाय केलेलं रक्त दिव्याखाली रूह अफजासारखं दिसतं. अंगावरचं स्वस्तात: एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम कॉर्नफ्लोअर शिजवून गार करा, मग तोच रंग आणि कोको, आणि दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण. साबणाने डाग कातडीवरून आणि कापडावरून लवकर निघतो. या बाटलीला काळी चिकटपट्टी गुंडाळा. अंधारात बाटली बदलली तर गायक साबण गिळतो.

बाहीतून रक्त काढायचं तर ५० मिलीची सिरिंज आणि नळी. सलाइनची नळी वापरू नका, ग्लुकोजचं घट्ट रक्त तिच्यात अडकतं आणि जोर लावला की सिरिंजपाशी नळी सुटून सगळं काखेत जातं. मत्स्यालयाच्या पंपाची, आतून चार मिलिमीटरची नळी घ्या, मायक्रोपोर पट्टीने दंडावर तीन ठिकाणी चिकटवा. टोक बाहीच्या कडेच्या आत ठेवा. सुरी हवीच असेल तर सहा मिलिमीटरच्या फोम शीटची, ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने मढवलेली. पत्र्याची नको, घामाने हात निसटतो. पहिली रांग स्टेजपासून दोन मीटर लांब, आणि पॅडलबोर्डवर रक्ताच्या आधी प्लास्टिक. जॅकमध्ये गेलेलं ग्लुकोज दोन दिवसांनी मुंग्या शोधून काढतात.

जमिनीवर नुसती ताडपत्री टाकलीत तर ती ओली होऊन बर्फासारखी होते. वर टेरी टॉवेल हवेत. सोलापुरात याची कमतरता नाही: कारखान्यांचा सेकंडचा माल, विणीत दोष असलेला, स्वस्तात मिळतो. गडद रंगाचे १५-२० घ्या, कडा चिकटपट्टीने ताडपत्रीला धरा.

चेहऱ्याला नाटकवाल्यांच्या सामानातला रंगच लावा. ऑइल पेंट, पोस्टर कलर, रंगपंचमीची पावडर नाही. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास बघा. पांढरा थर पातळ द्या आणि लगेच टाल्कम पावडर दाबून बसवा; पुसू नका, दाबा. पापणीच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर तिसऱ्या गाण्यात घामाबरोबर रंग डोळ्यात जातो. रंगीत लेन्स ऑनलाइन मागवून घालू नका. उतरवताना आधी खोबरेल, मग साबण. साबण आधी लावला की राखाडी चिखल होतो. रेक्झिनचे कपडे दिसायला छान, पण या हवेत २८ मिनिटांत माणूस गळतो.

आग नको. कितीही छोटी असो. २० फेब्रुवारी २००३ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या ठिणग्यांनी भिंतीचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. आपल्या कार्यालयांत फोम नसतो, पण छताला झालर, स्टेजमागे सॅटिनचे पडदे आणि प्लास्टिकची फुलं असतात. एमआयडीसीतलं गोडाऊन स्वस्त मिळतं म्हणून घेणार असाल तर आधी वर बघा. तुळयांवर, पंख्यांवर सुताचा बारीक भुगा साचलेला असतो, त्याला ठिणगी पुरते. अशा जागी गरम होणारे जुने हॅलोजनही नकोत, एलईडीच. दुसरं दार उघडतं का ते स्वतः उघडून बघा. मालकाच्या शब्दावर जाऊ नका. बहुधा त्याच्यामागे गाद्या रचलेल्या असतात.

धूर मात्र चालतो. ४०० वॉटचं मशीन तापायला तीन-चार मिनिटं घेतं, म्हणून चौथ्या गाण्यासाठी ते तिसऱ्याच्या आधी सुरू. छताचे पंखे चालू असतील तर धूर विरतो. मशीन ड्रमच्या मागे ठेवा, नळीतून थेंब गळतात आणि तिथेच नेमकं कुणीतरी घसरतं.

गायकाच्या ओठाला माइकचा करंट लागणं हा नेहमीचा प्रकार. कारण सहसा एकच: गिटारचा ॲम्प एका प्लगवर, साउंड दुसऱ्यावर, आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक, किंवा एकाला अर्थिंगच नाही. दोन्ही एकाच बोर्डवरून घ्या. सॉकेट टेस्टर सोबत ठेवा, अर्थिंग नसेल तर तो हॉल सोडा. अर्थची पिन काढून टाकणारा “हम (स्पीकरमधली गुणगुण) गेला बघा” म्हणेल. त्याच्या हातात गिटार देऊ नका. १५ अँपियरच्या प्लगवर २३० व्होल्टला साधारण ३४०० वॉट बसतात. धुराचं मशीन तापताना एकदम ओढतं, ते वेगळ्या लाइनवर घ्या.

लग्नाच्या साउंडवाल्याकडून १५ इंची दोन टॉप (मुख्य स्पीकर), एक सब (खर्जाचा स्पीकर) आणि गायकासमोर त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून एक मॉनिटर एवढंच मागा. ऑपरेटरला दोन गोष्टी आधी सांगा: गायकाच्या आवाजाच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, आणि इको शून्य. तुम्ही पाठ फिरवली की तो इको पुन्हा चढवणार. एक माणूस त्याच्याशेजारी उभा करा, चहा पाजत राहा.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण थोडीच. पोलिस आयुक्तालयात पंधरा दिवस आधी अर्ज, त्यात ‘नाट्यात्म सादरीकरणासह संगीत कार्यक्रम’ असं खरं लिहा. नकली रक्ताचाही उल्लेख करा. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद, म्हणून कार्यक्रम सातला सुरू करा. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा, परवाना. अश्लील गाण्यासाठी कलम २९६ आहे, शब्द त्या हिशेबाने लिहा. पोस्टरवर बँडचं नाव मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही छापा. पूर्व भागात फरक पडतो.

हॉल सोडण्याआधीचा तास भाड्यात धरून घ्या. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि कार्यालयाची टाकी रिकामी निघू शकते, म्हणून २० लिटरचे दोन जार सोबत न्या. रक्त आधी कोरड्या टॉवेलने टिपा, मग गार पाणी. व्हिट्रिफाइड टाइलवरून रंग निघतो. शहाबादी फरशीत तो मुरतो आणि डिपॉझिट जातं. अशी फरशी असेल तर ताडपत्री भिंतीपासून भिंतीपर्यंत टाका. भिजलेले टॉवेल त्याच रात्री गार पाण्यात बुडवा, सकाळपर्यंत ठेवले तर गोडावर मुंग्या आणि उरलेल्या रंगाचे कायमचे डाग. शेवटी दिवे लावून फरशीचे फोटो काढा, किल्ली देताना मालकाला त्याच्या समोर दाखवा आणि डिपॉझिट तिथेच मोजून घ्या.