जमिनीवरचे छोटे पक्षी टिपताना या चुका टाळा

सोलापूरजवळ नान्नजकडच्या माळावर आणि हिप्परगा तलावाच्या काठावर डोंबारी, तीरचिमणी, धोबी असे पक्षी टिपायला येणाऱ्यांकडे हल्ली लेन्स उत्तम असतात. फोटो मात्र तेच ते: वरून दिसणारी पाठ आणि मागे मातीचा पडदा. गुडघ्यावर बसलं की आपण पुरेसे खाली आलो, असा समज असतो. तो चुकीचा आहे.

हिशोब करून बघा. डोंबारीचा डोळा जमिनीपासून जेमतेम 10 सेंमी. बसून धरलेली लेन्स 90 सेंमीवर. पक्षी 10 मीटरवर असेल तर आपली नजर त्याच्यामागे सव्वा मीटरवरच जमिनीला टेकते, म्हणून ढेकूळ न् ढेकूळ फोटोत येतं. लेन्स 15 सेंमीवर आणली की नजर थेट 20 मीटर मागे टेकते आणि मागची माती पार विरघळून जाते. महाग लेन्सचा विचार करण्याआधी पोटावर झोपा.

ट्रायपॉडचे पाय पसरून सहसा भागत नाही. लेन्स टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची उशी शिवा आणि दीड-दोन किलो ज्वारीनं दोन-तृतीयांश भरा. गच्च भरली तर लेन्स तिच्यात रुतत नाही, वर डगमगते. ओल्या काठावर उशी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर ज्वारीला मोड येतात. अंगाखाली ताडपत्रीच हवी. चादरीतून कुसळं आरपार येतात, आणि सराटा कोपरात घुसला की माणूस पाच मिनिटांत उठतो. झोपण्याआधी दगडांच्या आडोशाला फुरसं नाही ना, हे काठीनं बघा.

दुसरी चूक उन्हाची, आणि ती भल्याभल्यांकडून होते. एका नवशिक्यानं मार्चमध्ये सकाळी साडेदहाला माळावर झोपून तीनशे फोटो काढले. सगळे मऊ, म्हणजे धूसर आले. लेन्सचा फोकस सरकलाय असं समजून त्यानं कॅमेऱ्यातलं फोकसचं फाइन-ट्यूनिंग फिरवलं. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे हवा नितळ होती, पक्षी समोर होता, तरी एकही फोटो धड आला नाही. लेन्स दुरुस्तीला गेली आणि दोष नाही म्हणून परत आली. पहिल्या दिवशी दोष हवेत होता, दुसऱ्या दिवशी त्यानं फिरवलेल्या फाइन-ट्यूनिंगमध्ये. तापलेल्या जमिनीलगत हवेचा थर थरथरत असतो, आणि झोपून काढलेला फोटो सगळाच्या सगळा त्या थरातून जातो. ओळखायची खूण सोपी आहे: सलग दहा फोटो काढा. प्रत्येक फोटो वेगळाच वेडावाकडा दिसला, एखादाच बरा आला, तर दोष हवेचा. दहाही सारखेच मऊ असतील तर फोकस तपासा. हिवाळ्यात साडेआठ-नऊपर्यंत आणि एप्रिलमध्ये साडेसातपर्यंत काम आटपायचं. लांबून काढून मग क्रॉप करणं हा यावरचा उपाय नाही, कारण अंतर वाढलं की थरथरही वाढते. गाडीत गरम झालेली लेन्स थंडीत बाहेर काढली की तिच्या तोंडावरच्या हूडमध्येसुद्धा हेच होतं. पंधरा मिनिटं तिला बाहेर निवू द्या.

पक्ष्याच्या दिशेनं सरपटणं सोडा. तो कुठल्या दिशेनं चरत चाललाय ते बघा, वळसा घालून 15-20 मीटर पुढे जा, सूर्य पाठीशी घेऊन झोपा आणि अर्धा तास हलू नका. तो आपणहून सहा-सात मीटरवर येतो. ज्यांना अर्धा तास जड वाटतो, त्यांनी हा नाद करू नये. धोब्याचं शेपूट हलवणं ही त्याची सवयच आहे, त्यानं बिचकू नका. मान ताणून थिजलेला पक्षी मात्र घाबरलेला असतो. तिथेच थांबा.

फोकस पुढच्या गवतावर जात असेल तर फोकसचा एकच बिंदू निवडा आणि लेन्सची फोकस रिंग हातानं फिरवा. शटरचा वेग 1/1600 सेकंदापेक्षा कमी नको. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. नान्नजच्या अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका.

शेवटची चूक जिवावर बेतणारी. डोंबारी, चंडोल, टिटवी यांची अंडी उघड्या जमिनीवर, ढेकळाच्या किंवा गवताच्या बुडाशी असतात. रंग मातीचाच, म्हणून न बघता झोपणारा माणूस ती चिरडू शकतो. चोचीत अळी धरून पक्षी घुटमळत असेल, खाली उतरत नसेल, तर घरटं तुमच्या जवळ आहे. सरळ उठा, आलात त्याच वाटेनं पाऊल बघून मागे व्हा. सोलापूरच्या उन्हात उघडी पडलेली अंडी-पिल्लं फार लवकर तापतात. फोटो राहिला तरी चालेल.