पुढच्या गणिताची घाई: अभ्यासक्रम निवडताना या चुका टाळा

शाळकरी मुलांना गणित शिकवताना आणि पुढे कोणता अभ्यासक्रम घ्यावा याविषयी त्यांच्या पालकांशी बोलताना एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते: चुका नव्या घडत नाहीत, त्याच चुका नवी वही घेऊन परत येतात. अपूर्णांक आणि दशांश, मग गुणोत्तर-प्रमाण, ऋण संख्या, साधी समीकरणे, भूमिती, बहुपदी आणि वर्गसमीकरणे, त्रिकोणमिती, फलने (फंक्शन) आणि शेवटी कलन (कॅल्क्युलस, म्हणजे बदलाच्या वेगाचे गणित) किंवा संख्याशास्त्र असा क्रम बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने आढळतो. हा क्रम कोणी हट्टाने लादलेला नाही. प्रत्येक टप्प्यावरचे काम मागच्या टप्प्यावर बसलेल्या हाताकडूनच करून घ्यावे लागते, म्हणून तो तसा आहे. तरीही मुलांची आणि त्यांच्याहून अधिक पालकांची घाई नेमकी इथेच आडवी येते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मधली पायरी गाळून वरच्या वर्गात बसणे, आणि तिच्यात मीही एकदा सामील झाले आहे. काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. सुट्टीत त्याने दोन वर्षांचे बीजगणित ‘उरकले’ होते आणि त्याला थेट कलनाच्या वर्गात बसवावे अशी वडिलांची इच्छा होती. मी तेव्हाच नको म्हणायला हवे होते; परंतु मुलगा चुणचुणीत होता, क्ष च्या कोणत्याही घाताचे विकलन, म्हणजे क्ष बदलला की तो घात किती वेगाने बदलतो ते, त्याने मला दारातच घडाघडा म्हणून दाखवले, आणि मला मोह पडला. दोन महिने सारे सुरळीत चालले, कारण ते दोन महिने आम्ही सूत्रेच वापरत होतो. १/क्ष चे विकलन विचारले की −१/क्ष² हे उत्तर तो पेन न उचलता सांगत असे.

एके दिवशी मी त्याला हेच उत्तर व्याख्येवरून, म्हणजे क्ष मध्ये ह एवढी लहानशी वाढ करून, किमतीत पडलेल्या फरकाला ह ने भागून आणि मग ह शून्याकडे नेऊन, काढून दाखवायला सांगितले. त्याने १/(क्ष + ह) लिहिले, त्यातून १/क्ष वजा करायचे हेही बरोबर मांडले, आणि पुढच्याच ओळीत १/(क्ष + ह) च्या जागी १/क्ष + १/ह असे लिहून मोकळा झाला. १/क्ष ला १/क्ष गेले, १/ह उरले, त्याला पुन्हा ह ने भागून १/ह² झाले, आणि ह शून्याकडे सरकू लागला तसे उत्तर आवाक्याबाहेर वाढत गेले. “बाई, पण खरे उत्तर मला माहीत आहे ना,” तो म्हणाला, “मग ही मधली खटपट कशाला?”

मी त्याला वहीच्या कोपऱ्यात १/(२ + ३) आणि १/२ + १/३ यांच्या किमती काढायला सांगितल्या. एकीकडे १/५ आले, दुसरीकडे ५/६, आणि त्या दोन उत्तरांकडे तो बराच वेळ पाहत बसला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ५/६ काढताना त्याने छेद नीट सारखे करून घेतले होते. म्हणजे रीत त्याला येत होती, पण ती आकड्यांपुरतीच होती. आकड्यांच्या जागी अक्षरे आली की त्याच्या हातून ती सुटत होती. खरे पाहता त्या उदाहरणात छेद सारखा केला की अंशात क्ष − (क्ष + ह), म्हणजे −ह एवढेच उरते, ते ह ने भागले की −१/(क्ष(क्ष + ह)) मिळते, आणि ह शून्याकडे नेला की −१/क्ष² समोर उभे राहते. यात कलन फक्त शेवटच्या ओळीत आहे. बाकी सगळी अपूर्णांकांची वजाबाकी आहे. त्या मुलाला मी परत बीजगणितातील अपूर्णांकांवर आणले. त्यात पाच महिने गेले, आणि त्याच्या घरी ती पदावनती मानली गेली. चूक माझी होती असे मी त्याच्या वडिलांना स्पष्ट सांगितले, तरी दोष मुलालाच लागला, याचे मला अजूनही वाईट वाटते.

तेव्हापासून कोणालाही वरच्या अभ्यासक्रमात बसवण्यापूर्वी मी एक कोरा कागद पुढे ठेवते. घड्याळ लावत नाही, उत्तरांचे पर्याय देत नाही. ३/४ मधून ५/६ वजा करणे, (−३)² आणि −३² यांतील फरक सांगणे, २ − (३ − क्ष) सोपे करणे, ०.३ ला ०.२ ने गुणणे, ३ − २य = ११ सोडवणे, आणि ४० ही संख्या २० टक्क्यांनी वाढवून पुन्हा २० टक्क्यांनी कमी केल्यास काय उरते ते सांगणे, एवढीच सहा उदाहरणे असतात. शेवटच्या उदाहरणाचे उत्तर ३८.४ आहे, पण ४० असे ठामपणे सांगणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या प्रगतिपुस्तकात नव्वदीच्या पुढचे गुण होते. उत्तरापेक्षा हात कुठे थबकतो याकडे माझे लक्ष असते. दोन ठिकाणी थबकला तर महिनाभर तेवढेच करायचे. पुढचा अभ्यासक्रम कुठे पळून जात नाही. ज्याला खरोखर अधिक हवे आहे, त्याला मी वर ढकलण्याऐवजी बाजूला नेते: विभाज्यतेच्या सिद्धता, मोजणीची कोडी, एकच उदाहरण तीन रीतींनी सोडवणे. ज्या मुलाला हे कंटाळवाणे वाटते, त्याला गणिताची नव्हे, पुढच्या वर्गाच्या नावाची ओढ आहे असे मी समजते.

दुसरी चूक दिसायला लहान आहे, पण तिची मुळे लांब जातात: गुणोत्तर-प्रमाण आठवड्याभरात संपवणे. ४ रुंद आणि ६ उंच असे चित्र मोठे करून त्याची रुंदी ८ केली, तर उंची किती, असे विचारल्यावर १० असे उत्तर देणारे मूल बेरजेत विचार करत असते. रुंदीत ४ वाढले म्हणून त्याने उंचीतही ४ वाढवले. १२ हे उत्तर पाठ करवून घेतले तर ते त्या दिवसापुरते टिकते. पुढे भूमितीतील समरूप त्रिकोण, आलेखातील रेषेचा चढ आणि त्रिकोणमितीतील साइन व कोसाइन ही तिन्ही गुणोत्तरेच आहेत, त्यामुळे ज्याची पकड इथे ढिली राहिली, त्याला ते तीन वेगवेगळे अवघड विषय वाटतात. मी गुणोत्तर शिकवताना पहिले काही दिवस सूत्र सांगतच नाही. फक्त मापे घेऊन आकृत्या मोठ्या-लहान करून घेते. तिरकस गुणाकाराची युक्ती मुलाने मागितली तरी मी ती लवकर देत नाही, कारण ती हाती आली की विचार थांबतो.

बरोबरचे चिन्ह हा माझा आणखी एक दुखरा विषय आहे. ते पहिल्यांदा १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड यांनी छापले, आणि सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषांइतक्या समान दुसऱ्या कोणत्याही दोन गोष्टी असू शकत नाहीत, असे त्याचे कारण दिले. मुले मात्र ५ + ३ = ८ × २ = १६ − १ = १५ असे बिनदिक्कत लिहितात. त्यांची चूक आपल्या भाषेनेही थोडी पोसली आहे, कारण ‘बरोबर’ या एकाच शब्दाने आपण समानताही सांगतो आणि ‘उत्तर चुकले नाही’ हेही सांगतो. साहजिकच ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी खूण आहे, असे मुलाला वाटते. समीकरणांपर्यंत पोचल्यावर २क्ष + ३ = ११ − ३ = ८ ÷ २ = ४ अशी ओळ वहीत उमटते. उत्तर योग्य येते, म्हणून कोणी टोकत नाही, आणि दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायची असते ही कल्पना रुजतच नाही. माझ्या वर्गात एका ओळीत एकच बरोबरचे चिन्ह असते आणि सगळी चिन्हे एकाखाली एक येतात. कागद वाया जातो अशी तक्रार येते. ती मी ऐकून घेते आणि नियम तसाच ठेवते.

ऋण संख्यांच्या बाबतीतही घाई नको. त्यांचे नियम ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये मांडले होते, तरी त्यानंतर कित्येक शतके युरोपातील नामवंत गणिती त्या संख्यांना खऱ्या मानायला कचरत होते. अशी कल्पना एखाद्या मुलाला चार तासिकांत पटली नाही, तर त्याला कच्चा ठरवण्याचे कारण नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगते. भूमितीतील सिद्धता पाठ करू नका. आकृती नावे बदलून पुन्हा काढा आणि मग लिहून पाहा. गणित वर्षभर बंद ठेवून नंतर ‘उजळणी करून घेऊ’ असे म्हणू नका. बीजगणिताचा हात फार लवकर जातो. दोन ठिकाणच्या दोन रीती एकाच वेळी शिकू नका. दुसऱ्याने सोडवलेले उदाहरण पडद्यावर पाहणे म्हणजे सराव नव्हे.

शेवटच्या दोन वर्षांत कलन घ्यावे की संख्याशास्त्र, हा प्रश्न बहुतेक जण उलट्या बाजूने सोडवतात: मित्र काय घेतात आणि सोपे काय आहे, इथून सुरुवात करतात. ज्या शिक्षणाकडे जायचे आहे, तिथून मागे मोजत यावे. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र आणि गणिती अर्थशास्त्र यांना कलन चुकत नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि जीवशास्त्रातील पुष्कळसे काम संख्याशास्त्रावर चालते. संगणकशास्त्राला मोजणी, तर्क आणि विगमनाने (पहिली पायरी आणि एका पायरीवरून पुढचीवर जाणे दाखवून) दिलेली सिद्धता लागते, याचा तर कोणी विचारच करत नाही. ज्याचे अजून काहीच ठरलेले नाही, त्याने कलन सोडू नये असे माझे मत आहे, कारण नंतर ते एकट्याने भरून काढणे जड जाते. मात्र संख्याशास्त्र म्हणजे कच्च्या मुलांसाठी ठेवलेली पळवाट, ही समजूत निव्वळ चुकीची आहे. सरासरी काढता येणे वेगळे, आणि एका लहान नमुन्यावरून संपूर्ण समूहाविषयी किती ठामपणे बोलावे हे ठरवणे वेगळे.

वर्गसमीकरण अडले तर अवयव पाडता येतात का ते पाहावे, ते अडले तर कंस सोडवता येतो का, आणि तोही अडला तर चिन्हांचा गुणाकार तपासावा. जिथे हात न अडखळता चालतो, तिथून पुन्हा वर यावे. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांची पाने मी चिमट्याने बांधून ठेवते. आलेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू ताडून पाहिल्याची ओळ वहीत दिसली, की मगच चिमटा काढायचा, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक असते, आणि तोवर बहुतेकांना तो काढण्याची गरजच उरलेली नसते.