सुशीचा भात: आधी शितं, मग मासा

टोकियोत आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. उभा जन्म सुशी वळण्यात गेलेला. "शिकवा ना" म्हटल्यावर त्यांनी मासा काढलाच नाही, तांदळाचा डबा पुढे ठेवला. या धंद्यातली म्हणच आहे: भात शिजवायला तीन वर्षं, वळायला आठ. मला चार रविवार मिळाले.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हे आधी डोक्यातून काढा. शब्दाचं मूळ 'आंबट' असं आहे. शिगा प्रांतात बिवा सरोवराकाठी आजही फुनाझुशी करतात. खारवलेला मासा भातात दाबून ठेवायचा. भात आंबतो आणि त्या आंबटपणावर मासा टिकतो. मासा खायचा, भात टाकून द्यायचा! पुढे एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, एवढा धीर कुणाला? आंबवण्याऐवजी भाताला व्हिनेगर लावायला लागले. १८२० च्या दशकात हानाया योहेईने हातावर दाबलेली निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा तुकडा, विकायला आणली, असं मानतात. व्हिनेगरसुद्धा स्वस्तातलं, साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या, चोथ्याचं. रंगाने लालसर. बर्फ नव्हता, म्हणून मासा खारवायचा, सोया सॉसमध्ये मुरवायचा नाहीतर शिजवायचा. आज ज्याला कारागिरी म्हणतात, ती तेव्हाची गरज होती.

आता भाताकडे. आखूड दाण्याचा जपानी तांदूळच घ्या, ३०० ग्रॅम. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हलक्या हाताने धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा. शिजवताना पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी, कारण पुढे व्हिनेगर पडणार आहे. तांदळाचं ५० मिली व्हिनेगर, दीड मोठा चमचा साखर आणि एक छोटा चमचा मीठ, विरघळेपर्यंत कोमट करा. उकळू नका.

भात गरम असतानाच पसरट लाकडी भांड्यात ओता. त्याला हांगिरी म्हणतात. आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर लाकूडच व्हिनेगर पिऊन टाकतं. व्हिनेगर सगळीकडे शिंपडा आणि उलथणं तिरकं धरून भात कापल्यासारखा हलवा. मी पहिल्या दिवशी गोल गोल ढवळला. चकाकणारा गिचका झाला. आजोबांनी एक शीत बोटावर घेऊन मला दाखवलं: टोकं मोडलेली. नीट मिसळला की मगच पंख्याने वारा घाला. भात अंगाइतका कोमट झाला की ओलं फडकं झाका. फ्रिजमध्ये अजिबात नको. शितं टणक होतात.

या भाताला सुशीवाले 'शारी' म्हणतात. बुद्धाच्या अस्थींसाठी वापरतात तोच हा शब्द, मूळ संस्कृत 'शरीर'. हे कळल्यापासून माझ्याकडून सांडलेलं शीत पायाखाली तुडवलं जात नाही.

वर ठेवायला सुरुवातीला उकडलेली कोळंबी घ्या. पोटाच्या बाजूने लांब काडी खुपसून उकडली की ती वळत नाही. मग सोला आणि पोटाकडून चिरून उघडा.

हाताला व्हिनेगरचं पाणी लावा, पण थेंब टपकायला नको. उजव्या हातात साधारण १५ ग्रॅम भात सैलसर गोळा करा. डाव्या बोटांवर कोळंबी पालथी ठेवा, तिला वासाबीचं, म्हणजे झणझणीत हिरव्या जपानी चटणीचं, बोट लावा, वर भात. अंगठ्याने मधोमध हलका खळगा पाडा, त्यात हवा राहते. पलटवा. आता कोळंबी वर. दोन बोटांनी वरून दाबा, कडा सारख्या करा. तीन-चार हालचालींत संपलं पाहिजे. लाडू वळायची सवय असलेल्या हाताला हेच जड जातं.

माझी पहिली निगिरी आजोबांनी उचलून टेबलावर टाकली. ती फुटली नाही. "वीट," म्हणाले. उचलताना टिकावी, जिभेवर सुटावी, एवढाच दाब.

खाताना उलटी करून कोळंबीची बाजू सोयाला टेकवा. भात बुडवलात तर तो सगळा सोया पितो, आणि निगिरी वाटीतच विस्कटते.