स्ट्रीमर घेण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरची पाठ बघा

स्ट्रीमर (इंटरनेटवरची गाणी वाजवणारं) आणि डॅक (डिजिटल आकड्यांचा ऐकता येणारा आवाज करणारं) अशी दोन खोकी एकदम घेतली जातात, आणि घरी आल्यावर कळतं की त्यातलं एक आधीच घरात होतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या एका मित्राचं असंच झालं.

१. अ‍ॅम्प्लिफायर फिरवून मागं बघा. 'ऑप्टिकल' किंवा 'कोएक्सियल' इनपुट असेल तर डॅक आतच आहे. मग नुसता स्ट्रीमर घ्या, फक्त त्याला तसलंच डिजिटल आउटपुट हवं.

२. नुसती लाल-पांढरी आरसीए भोकं असतील तर आधी डॅक घ्या, यूएसबी आणि ऑप्टिकल दोन्ही असलेला. स्ट्रीमर सध्या राहू दे. कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन ओटीजीनं (फोनच्या चार्जिंगच्या भोकात यूएसबी उपकरण जोडणाऱ्या वायरनं) डॅकला जोडा. ब्लूटूथ नको, त्यात आवाजाचा डेटा दाबून कमी केला जातो. पंधरा दिवस ऐका. फोन हाताळायचा कंटाळा आला, तरच स्ट्रीमरचा खर्च.

३. ३२ बिटचे आकडे बघून भुलू नका. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचीच असते. गवई अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात डॅकची परीक्षा तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगवरच घ्यावी! तानपुऱ्याच्या तारेमागं विजेची गुणगुण ऐकू आली तर ऑप्टिकल वायर लावून बघा.

डॅक थेट पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरला जोडताना मात्र स्पीकरचा आवाज आधी शून्यावर आणा. बऱ्याच डॅकचं आउटपुट कायम पूर्ण असतं.