खानदेशातून गिरनारला जाताना

जळगाव, अमळनेर किंवा नंदुरबारहून तापी रेल्वेमार्गाने सुरत गाठावे आणि तेथून वेरावळकडे जाणाऱ्या गाडीने गिरनार पर्वताजवळच्या जुनागढला उतरावे. सुमारे दहा हजार पायऱ्यांची चढाई भवनाथ तळेटीपासून (पायथ्यापासून) पहाटेच्या अंधारातच सुरू करावी, कारण ऊन चढल्यावर दगड तापतो. शिदोरीला दशम्या उत्तम, त्या टिकतात.

ऑक्टोबर २०२० पासून सुरू असलेला रोपवे थेट अंबाजी मंदिरापर्यंत नेतो, परंतु बाविसावे जैन तीर्थंकर नेमिनाथ यांचे प्राचीन देरासर (जैन मंदिर) अंबाजीच्या खाली, साधारण चार हजार पायऱ्यांजवळ असल्याने, रोपवेने जाणाऱ्यांना त्याच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून यावे लागते. बरेच जण ते टाळतात, हे माझ्या मते चुकीचे आहे. वारा जोराचा असेल तर रोपवे बंद राहतो.

अंबाजीनंतर गोरखनाथ हे सर्वोच्च शिखर लागते, आणि पुढे बरेच उतरून पुन्हा खडी चढण चढल्यावर पादुकांचे शिखर येते. दत्तभक्त तेथे गुरुपादुकांसमोर माथा टेकवतात, तर जैन भाविक तीच जागा नेमिनाथांची निर्वाणभूमी मानतात. या स्थानावरून वाद असल्यामुळे तेथे घोषणा टाळाव्यात, शांतपणे दर्शन घ्यावे आणि मागच्यांना जागा द्यावी. उतरताना गुडघ्यांवर भार येतो; काठी सोबत असावीच.