गुडघेदुखी: मला कशाने गुण आला

वयाच्या 58व्या वर्षी जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कळ येऊ लागली. एक्स-रेत झीज दिसली. आधी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. महिनाभर छान गेलं, मग दुखणं पुन्हा जिथल्या तिथे. दर तीन महिन्यांनी टोचून घ्यायचं ठरवत होतो, पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीबद्दल वाचलं: तसं दोन वर्षं घेणाऱ्यांची कूर्चा (सांध्यातली हाडांवरची मऊ गादी) जास्त झिजली आणि वेदना नुसतं सलाइन, म्हणजे औषधाविना मिठाचं पाणी, टोचलेल्यांइतकीच राहिली. थांबलो. महागडं पीआरपीही (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) 2021च्या चाचणीत वर्षाअखेर सलाइनच्या पुढे गेलं नाही.

खरा गुण आला मांडीच्या व्यायामाने. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबत मांडी आवळायची, पाच आकडे मोजून सोडायची. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. पहिले तीन आठवडे काहीच वाटलं नाही, चिकाटी इथेच लागते. सहाव्या आठवड्यात कठडा न धरता जिना उतरलो! शिवाय सहा किलो वजन उतरवलं. किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने घटतो. जास्त दुखलं तर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल. बीपीमुळे त्याच्या गोळ्या टाळतो. पूजा आता पाटाऐवजी खुर्चीवर बसून.